भीती न लपवणारे आप्पा

आप्पांची आणि माझी पहिली भेट निपाणीत झाली, प्लेगच्या दिवसांत. गाव ओस पडले होते. माणसे घरांना कुलपे घालून शेतांत झोपड्या बांधून राहत होती आणि मी दवाखान्यात नवा कंपाउंडर म्हणून हजर झालो होतो. पेटीत औषधाच्या बाटल्या भरत असलेल्या एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी माझी नेमणुकीची चिठ्ठी वाचली, जेवलास का म्हणून विचारले आणि आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली. तेच आमचे वरिष्ठ कंपाउंडर नारायणराव. सारे त्यांना आप्पा म्हणत.

आप्पांना आज साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या औषधांच्या जाणकारीविषयी, कानडी आणि मराठी रुग्णांशी त्यांच्याच बोलीत बोलण्याच्या हातोटीविषयी या गौरवग्रंथात इतर मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या भीतीविषयी लिहिणार आहे.

माझे थोरले बंधू आदल्या वर्षी खानापुरात प्लेगनेच गेले होते. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पहिल्या दिवशी आप्पांबरोबर झोपड्यांची फेरी सुरू झाली आणि तिसऱ्या झोपडीपाशी माझे पाय उचलेनात. आत एक बाई कण्हत होत्या. बंधू तसेच कण्हत असत. मी बांधावर बसकण मारली आणि मला हे काम जमणार नाही, मी गावी परत जातो, असे सांगून टाकले.

आप्पा एकटेच आत गेले. त्या बाईंना औषध पाजून बाहेर आले, हात धुतले आणि माझ्याशेजारी बसले. बंधूंची हकीकत त्यांनी माझ्याकडून काढून घेतली. मग म्हणाले, “भ्या मलाबी वाटतंय रं, गोविंदा. रोज वाटतंय.”

झोपडीत शिरण्यापूर्वी ते दाराशी क्षणभर थांबून काहीतरी पुटपुटतात, हे मी पाहिले होते. एखादे स्तोत्र असेल असे मला वाटले होते. तसे विचारले, तर ते हसले.

“स्तोत्र कुठलं? मी म्हणतो, बाबा, मला भ्या वाटतंय, माझ्यासंगं आत चल. देव बाप हाय न्हवं आपला? बापापासनं काय लपवायचं?”

म्हणजे तो आपल्याला रोग होऊ देणार नाही का, असे मी विचारले.

“तसं त्यानं मला कधी सांगितलं न्हाय. संगं येतो, एवढं ठाऊक हाय.”

चौथ्या झोपडीच्या दाराशी मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि तेच शब्द मनात म्हटले. भीती गेली नाही. पण मी आत गेलो.

त्या हंगामात आप्पा किती जणांच्या उशाशी बसले असतील, याची गणती नाही. एका कानडी म्हातारीला तिच्या घरच्यांनी झोपडीत एकटीच ठेवले होते. आप्पा रोज तिच्या ओठांवर पाणी सोडत आणि “हेदरब्याड, हेदरब्याड” म्हणत राहत. भिऊ नकोस, असे तिला सांगणारे आप्पा स्वत: मात्र आपली भीती दाराशी सांगूनच आत आलेले असत.

पुढे त्यांच्या चंद्राला ताप भरला. नऊ वर्षांची ती एकुलती लेक. काखेत गाठ आली. दोन दिवस आप्पांनी जवळचे सारे उपाय केले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो, तेव्हा ते आपल्याच झोपडीच्या दाराशी उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हते. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो आणि ते वाक्य त्यांच्या वतीने मोठ्याने म्हटले. मग आम्ही दोघे आत गेलो. चंद्राने पाणी मागितले. आप्पांनी चमच्याने पाजले. दुपारी ती गेली.

आठवड्याने आप्पा कामावर आले. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हते. मी मात्र न राहवून विचारले, “आप्पा, अजून त्याला बापच म्हणता?”

ते बाटल्या पुसत होते.

“रागावलोय त्याच्यावर. लई रागावलोय,” ते म्हणाले. “पण असं रागवायलाबी बापच लागतो. परक्यावर कोण रागावतंय?”

त्या दिवशीही ते प्रत्येक दाराशी थांबले, नेहमीपेक्षा अधिक वेळ. काय बोलले, ते मी विचारले नाही. त्यानंतर मी कंपाउंडरकी सोडण्याची भाषा कधी केली नाही.

चंद्रा गेल्यावर दोन वर्षांनी त्यांना मुलगा झाला. हल्ली आप्पा त्याच्याकडे बेळगावात, अनगोळला असतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आहेत आणि येत्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. परवा मी गेलो, तेव्हा दोन महिन्यांची नात त्यांच्या मांडीवर होती. ते तिच्या नाकाडोळ्यांवरून बोटे फिरवत होते. सूनबाई म्हणाल्या, मामंजींना ती अजून नीट दिसलेलीच नाही. आप्पांनी मला विचारले, “गोविंदा, कुणावर गेलीया रं ही?” मी सांगितले नाही. ते त्यांनीच पाहावे. त्यांची दृष्टी निर्मळ होवो, प्रकृती धडधाकट राहो, आणि या मुलीचे पहिले पाऊल, पहिली पाटी आणि अक्षता पडतानाचे तिचे तोंड त्यांना स्वत:च्या डोळ्यांनी पाहायला मिळो.