कारण काही सांगत नाहीत

धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा सगळ्यांच्या आधी पुढे झाला तो आमचा दादा. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

धाकटा स्वारगेटजवळच्या एका हॉस्पिटलात डायलिसिसला जायचा. पाणी बेतानं प्यायचं, म्हणून उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखत बसायचा, बघवायचं नाही. दादानं आपणहून तपासण्या करून घेतल्या. एका दुपारी माहेरी सगळे जमलो होतो, तेव्हा आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "माझी चालणार नाही म्हणाले. कारण काही सांगत नाहीत."

आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वहिनीनं डोळे पुसले. मी मंडईतून आणलेली मेथी निवडत होते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या आत मीच म्हणून मोकळी झाले, की मग माझी बघा. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. निदान जुडी तरी संपू द्यायची!

आमच्या ह्यांनी घरी सगळं ऐकून घेतलं आणि तुझं तू ठरव म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्याचा अर्थ 'नको' असा असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही. पण मी कुठली ऐकायला. धाकट्याला कडेवर घेऊन मी माझं आख्खं लहानपण काढलंय. आईपेक्षा तो माझ्याच अंगाखांद्यावर जास्त वाढला.

माझी जुळली. तेवढ्यात भाऊबीज आली. दादा एरवी ओवाळून झालं की ताटात पाकीट टाकून घड्याळ बघणारा माणूस. त्या वर्षी त्यानं पैठणी ठेवली, चांगली मोरपंखी. मी वेडी, हरखून गेले. शेजारणीला बोलावून दाखवली. भाऊ असावा तर असा, हेही वर ऐकवलं.

पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या डॉक्टर बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. किडनी देणाऱ्याशी तिथे घरच्यांना बाहेर बसवूनच बोलतात, तशी पद्धतच आहे. कुणाचा दबाव आहे का, भीती वाटते का, सगळं त्यांनी विचारलं. मी आपली नाही नाही म्हणत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "मनात नसेल तर केव्हाही थांबा. घरच्यांना आम्ही एवढंच सांगतो, की यांची चालणार नाही. कारण सांगत नाही."

हे वाक्य मी मेथी निवडताना ऐकलं होतं. बाईंना म्हटलं, मला थोडे दिवस द्या.

दादाला विचारून उपयोग नव्हता. त्यानं आईची शपथ घेतली असती. मी सरळ धाकट्याकडे गेले. त्याचं डायलिसिस चाललं होतं, हातात सुया होत्या.

"दादाची जुळली होती का रे?"

तो छताकडे बघत हो म्हणाला. दादा घाबरला होता, त्याच्यापाशी येऊन रडला होता, आणि ताईला सांगू नकोस म्हणाला होता.

"आणि तू नाही सांगितलंस."

"सांगून काय झालं असतं, ताई? तुम्ही दोघं भांडत बसला असता. आणि तू नाही म्हणणार नाहीस, हे आम्हाला माहीत होतं."

आम्हाला! दादा घाबरला याचा मला राग नाही. पोट फाडून घ्यायची हौस कुणाला असते? भीती वाटते असं तोंडानं म्हणाला असता, तर मी त्याला चहा करून दिला असता आणि तरीही माझी दिली असती. पण ज्याला जगवायला मी निघाले होते, तोही त्यात सामील होता. हडपसर येईपर्यंत मी रिक्षात रडत होते. घरी कपाट उघडलं तर समोर पैठणी. दादाच्या सुटकेची ओवाळणी मी शेजारणीला कौतुकानं दाखवत बसले होते.

मी परत जाऊन डॉक्टर बाईंना सांगितलं, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. बाहेर बाकावर आई आणि दादा बसले होते. मी दादाच्या समोर जाऊन उभी राहिले.

"माझी चालणार नाही म्हणाले. कारण काही सांगत नाहीत."

आई रडायला लागली. दादाचा चेहरा खाडकन उतरला. मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं, आणि तसं म्हणायची त्याची सोय नव्हती. आईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघितलं. मग तोच म्हणाला, की माझी परत एकदा तपासून बघूया.

दुसऱ्या वेळी चालली. आई म्हणते, तिच्या संकष्ट्या फळाला आल्या. दोघंही सुखरूप आहेत, धाकटा तांब्यानं पाणी पितो. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आता आमच्या नात्यात दादाचं नाव देवाच्या खालोखाल घेतात, आणि माझा विषय निघाला की तिची प्रकृतीच नाजूक हो, म्हणून आवाज खाली आणतात. दादा मान खाली घालून ऐकतो. निदान त्याला मान खाली घालावीशी वाटते.

यंदाच्या भाऊबीजेला सगळे माझ्याकडे जेवायला होते. आई माझ्यासाठी घरून बिनमिठाच्या आमटीचा डबा घेऊन आली होती. माझ्या किडन्यांना जपायला हवं ना! मी धाकट्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा तोंड उघडेल. माझ्या किडन्यांना काहीही झालेलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यानं पाण्याचा ग्लास रिकामा करून खाली ठेवला. डबा पुढे ओढला, झाकण काढलं आणि माझ्या वाटीत आमटी वाढली.

"घे ताई," म्हणाला. "जपायला हवं तुला."