तेरा शिष्यांच्या एस्तेरबाई

एस्तेरबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्या, पण "जरा गोड लिहा", असे आमच्या चर्चच्या सचिवांनी मला फोनवर बजावले. गेल्या वर्षी बाईंचा रविवारचा वर्ग काढून घेणारे हेच सचिव. तेव्हा माझ्याकडून गोडाची अपेक्षा कोणी ठेवू नये.

बाईंची पहिली ओळख झाली तेव्हा मी चौथीत होतो. तिरोड्याकडच्या गोरेगावजवळच्या जिल्हा परिषद शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि रविवारी आमच्या लहानशा चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवत. चर्च बर्थलमय या प्रेषिताच्या नावाचे. त्याच्या सणाला मुलांची नाटिका होई: येशू आणि त्याचे बारा शिष्य. बाईंच्या नाटिकेत मात्र शिष्य तेरा असत.

कारण साधे होते. बायबलात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत. त्यांतल्या तिनांत शिष्यांमध्ये बर्थलमय आहे, नथनेल नाही. चौथ्यात नथनेल आहे, बर्थलमयाचा पत्ता नाही. दोघांचीही सांगड फिलिप्प या शिष्याशी, म्हणून पुष्कळ अभ्यासक दोघांना एकच मानतात. असतीलही. पण तसे कुठे लिहिलेले नाही, म्हणून बाई दोन मुले उभी करत. मी नथनेल होतो. नाटिका संपताच कमिटीतले एक काका सर्वांदेखत कडाडले, "काऊन बाई, आपल्याच चर्चचा प्रेषित कोन, तेवढंही तुमाले मालूम नाही?"

"मालूम नाही, तेच तं शिकवून राहिली," बाई म्हणाल्या.

हा बाईंचा हट्ट नव्हता, स्वभाव होता. मी सहावीत असताना माझे वडील गेले. घरी आलेला प्रत्येक जण ते आता कुठे आहेत, काय करत आहेत, हे मला छातीठोकपणे सांगत होता. मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मले मालूम नाही बापू. पन मी तुयापाशी बसते." आणि खरोखर बसल्या, जेवणवेळ टळून गेली तरी. त्या दिवसांत मला पटलेले तेवढे एकच उत्तर होते.

अशा बाईंचे या लोकांनी काय केले? गेल्या वर्षी चर्चच्या फाटकावर नवी संगमरवरी पाटी लागली. बर्थलमय म्हणजेच नथनेल, आणि ते धर्मप्रसारासाठी भारतात आले असता इथल्याच बोदलकसा तलावाच्या काठी विसावले, असे तिच्यावर कोरले आहे. ते भारतात आल्याची जुनी आख्यायिका आहे, आणि ती आम्हाला बाईंनीच सांगितली होती, आख्यायिका म्हणूनच. पण बोदलकसा? अहो, तो तलाव अलीकडे माणसांनी बांधलेला! पाण्याच्या आधी प्रेषित काठावर येऊन बसले काय?

पाटीवरचा मजकूर मुलांकडून पाठ करून घ्या, असा कमिटीचा हुकूम आला. "पोराइले खोटं नाही शिकवत मी," एवढेच बाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी वर्गावर दुसरे शिक्षक, आणि उपासनेत जाहीर निवेदन: बाई आता थकल्या आहेत. थकल्या? त्याच आठवड्यात त्या एसटीत उभ्याने तिरोड्याला गेल्या होत्या, आजारी विद्यार्थिनीला डबा घेऊन. निवेदन वाचणाऱ्याची जीभ कशी अडखळली नाही, याचा मला आजही संताप येतो. आणि गप्प बसलेल्या आपल्या सगळ्यांचाही येतो.

आता त्याच बाईंना शाल देणार, नारळ देणार, सत्यनिष्ठेवर भाषणे ठोकणार. सचिवसाहेब, शाल राहू द्या. या रविवारी बाईंना वर्गात बसवा, पाटी उतरवा, आणि मग खुशाल भाषण करा.

बाई, गुडघ्यांना जपा, वेळेवर जेवत जा. परमेश्वर तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य देवो. ते तुम्हाला लागणारच आहे, कारण आपली चूक झाली, एवढे म्हणायला ही माणसे फार वर्षे लावतील.