आहेंगदाणे

शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला जळगावातलं आमचं वाचनालय आठवतं. तिथे मी टायपिंग करायचे. स्मरणिकेसाठी मी आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीवर लेख लिहिला होता, आई बोलायची तशा खान्देशीत, म्हणजे 'आहे'च्या जागी 'शे'. ग्रंथपालांनी तो सगळ्यांसमोर नाकात वाचून दाखवला. "शे शे काय लावलंय? भाषा सुधारा," म्हणाले आणि कॉम्प्युटरवर अख्ख्या अंकातले 'शे' एका झटक्यात 'आहे' करून टाकले. नंतर तपासताना पाहते तर शेंगदाण्यांचे आहेंगदाणे झालेले, आणि प्रमुख पाहुण्या शेठजींचे आहेठजी. योगायोग असा की मी तेव्हा वाचत होते त्या कादंबरीत मालकाची होडी गळतेय हे दिसूनही नावाडी काठावर गप्प उभा होता. मी पुस्तक मिटलं आणि अंक तसाच छापायला पाठवला. प्रकाशनाच्या दिवशी शेठजींनी स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि ग्रंथपालांकडे नुसतं पाहिलं. "कॉम्प्युटर बिघडलाय," ग्रंथपाल घाम पुसत म्हणाले. मी जागेवरून उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नही सर, कॉम्प्युटर चांगला शे." त्या नावाड्याला शेवटच्या पानावर पश्चात्ताप होतो. मला अजून झालेला नाही.