आत्याच्या डाव्या हाताचा अल्बम

पत्रक कसं करायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. एक कागद, दोन घड्या, वर मोठ्या अक्षरात राग, खाली बारीक अक्षरात मागण्या. आणि कुठेही रिकामी जागा सोडायची नाही, कारण रिकामी जागा म्हणजे वाया घालवलेली छपाई. गेली पाच-सहा वर्षं मी पनवेलमध्ये हेच करत आले आहे. खाडी बुजवली, पत्रक. नळाला पाणी नाही, पत्रक. त्यामुळे फोटोंचे चिमुकले अल्बम करणं हा प्रकार मला भरल्या पोटाचा छंद वाटायचा. त्याची किट मिळतात दुकानात. चकचकीत कागद, सोनेरी फुलं, 'गोड आठवणी' अशा अर्थाचे इंग्रजी स्टिकर. आठवणी तुमच्या, पण त्या गोड आहेत हे कारखान्याने आधीच ठरवून टाकलेलं. अजूनही मला त्याची चीड येते.

तरी मी अल्बम करायला बसले, ती आत्यामुळे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. वडील नोकरीसाठी नवीन पनवेलला आले, आत्या उरणकडे गावातच राहिली आणि तिथल्या छोट्या मासळी बाजारात तीसेक वर्षं बसली. तिच्याशी भाव करण्याआधी गिऱ्हाईक घसा साफ करून घ्यायचं, असा तिचा आवाज. तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडात शब्द यायचा तो भलताच. चहा हवा असला की "होडी" म्हणायची, स्वतःच दचकायची आणि भिंतीकडे तोंड करायची. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. उपचार पनवेलला, म्हणून ती आमच्या दोन खोल्यांत आली.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सुचवलं, "हिच्यासाठी एक छोटा अल्बम करा. तळहाताएवढा. एका पानावर एकच फोटो. जे सांगायचंय त्यावर त्या बोट ठेवतील. पानं जाड हवीत, डाव्या हाताने उलटता आली पाहिजेत."

मला वाटलं, एवढंच ना. मोठं कार्डशीट घ्यायचं, सोळा चौकोन पाडायचे, नागमोडी कापत जायचं आणि पंख्यासारखी घडी घालत आणायची. खिशात मावणारी पत्रकं आम्ही अशीच करतो. फोटो चिकटवायला मी मैद्याची खळ केली. भिंतीवर पोस्टर लावायला तीच लागते, ती पावसातसुद्धा सुटत नाही. सकाळी बघते तर फोटो तळलेल्या पापडासारखे फुगलेले. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "ये, तुझा मोर्चा बघ. साखरेच्या डब्यापासून निघालाय, पार अल्बमपर्यंत."

खरी चूक मात्र खळीची नव्हती. मी प्रत्येक फोटोखाली मजकूर लिहिला होता. एकही जागा रिकामी ठेवली नव्हती. आत्याच्या बाजारातल्या जागेचा फोटो होता, त्याखाली लाल शाईत: 'ही जागा माझी. मी ती सोडणार नाही.'

त्या जागेचं प्रकरण तेव्हा तापलेलं होतं. जुना बाजार पाडून शेजारी नवी इमारत व्हायची होती. त्याआधी मोजणी होणार होती, आणि मोजणीच्या दिवशी जी बाई जागेवर बसलेली दिसेल तिच्या नावावर नव्या इमारतीत मासळी विकायचा ओटा. आता आमच्या बाजाराची रीत अशी, की बाई आजारी पडली किंवा बाळंतपणाला गेली, की तिच्या जागेवर तिची मासळीची पाटी पालथी घालून ठेवतात. शेजारणी तिथे माल पसरत नाहीत. आणि पाटी सरळ करायची ती जिची तिनेच. आत्याची पाटी सात महिने पालथी होती. पण मोजणीच्या कागदात पालथ्या पाटीला रकाना नव्हता. म्हणजे ज्या बाईने तीस वर्षं त्या दगडावर काढली, ती आजारी पडली म्हणून तिची जागा रिकामी. याचा मला संताप आला होता आणि तो चुकीचा नव्हता. मी पत्रक छापून घेतलं. त्यावर आत्याचा फोटो, खाली तेच वाक्य.

तिला विचारलं होतं का? विचारलं होतं तसं. तिच्या खाटेवर बसून म्हटलं होतं, "आत्या, जागा सोडायची नाही ना? नाहीच सोडायची." प्रश्न माझा, उत्तरही माझंच. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी तो होकार धरला. शब्द नसलेल्या माणसाचा होकार मिळवणं फार सोपं असतं.

व्यायामवाल्या बाईंनी तो पहिला अल्बम उलटसुलट करून पाहिला.

"कुणाचा आहे हा?"

"आत्याचा."

"मग यात त्यांना काय म्हणता येईल? तुमचं म्हणणं मला कळलं. सगळं वाचलं मी."

घरी येताना रिक्षात मी त्या बाईंना मनातल्या मनात बरंच सुनावलं. पनवेलचे सगळे सिग्नल लाल लागले, त्यामुळे वेळही भरपूर मिळाला. घरी पोचेपर्यंत सुनावण्यासारखं काही उरलं नाही.

दुसरा अल्बम मी साडीच्या खोक्यांपासून केला. पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे कापले आणि पाठीला वहीबांधणीची कापडी पट्टी लावली. पुठ्ठ्यांच्या मध्ये फट सोडायची असते हे माहीत नव्हतं, त्यामुळे आधी तो मगरीसारखा तोंड वासूनच राहायचा. पट्टी सोडवून पुन्हा लावली. खळीचं नाव काढायचं नाही म्हणून फोटोंना कागदी कोपरे केले. चौकोनी चिठ्ठीची त्रिकोणी घडी, आणि त्या खिशात फोटोचं टोक अडकवायचं. मजकूर एक अक्षर नाही. पेन मी आईकडे देऊन ठेवलं होतं.

फोटो काढायला एका सकाळी बाजारात गेले. सवयीने आधी सगळ्या बायकांना कमरेवर हात ठेवून रागाने बघायला लावलं. घरी येऊन बघितलं तर सगळ्या निवडणुकीला उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. दुसऱ्यांदा गेले आणि जे जसं आहे तसं काढलं. आत्याच्या जागेवरची पालथी पाटी, शेजारणी, पापलेट, चहाची किटली, आत्याचं बंद घर. आमच्या घरातलेही घेतले: आई, पंखा, टीव्ही, वरणाची वाटी.

आत्याच्या जागेमागे, गटाराच्या बाजूला, एक काकी बसायची. मासे विकायची नाही, साफ करून द्यायची. गिऱ्हाईक आत्याकडून मासळी घ्यायचं आणि मागे काकीकडे सरकवायचं. तिला ओटा नाही, पाटी नाही, म्हणून मोजणीतही ती नाही. आणि आता लिहितेच आहे तर लिहिते, आमच्या मागण्यांच्या यादीतही ती नव्हती. मी अकरा वेळा त्या बाजारात पत्रकं वाटली असतील. दर वेळी तिलाही एक दिलं असेल. तिने त्यावर मासे ठेवले असतील.

मी फोन तिच्याकडे वळवला तर तिने कोयता खाली ठेवला. "माजा कशाला? मी काय बाजारातली हाय?"

"बस ना गो गप," शेजारची म्हातारी म्हणाली. ती बाजारातली सगळ्यात जुनी. "हिच्या आत्याला बगायला पायजे. तुजं तोंड बगल्याबिगर तिला घास उतरायचा नाय."

अल्बम हातात आल्यावर दोन दिवसांत आत्या राज्य करायला लागली. चहा, पंखा, टीव्ही बंद. एकदा तिने आईच्या फोटोवर बोट ठेवलं, मग वरणाच्या फोटोवर, आणि असं तोंड केलं की आईला हसताना ठसका लागला. "वन्सं, सात महिने मनात ठेवलंत हे?"

मोजणीला चार दिवस राहिले होते. दुपारी मी आत्याशेजारी बसून पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. तिने अल्बम मांडीवर घेतला, जागेचं पान काढलं आणि डाव्या हाताने फोटो ओढायला लागली. दोन कोपरे फाटले. निघालेला फोटो तिने काकीच्या पानावर नेऊन कसाबसा खोचला, वाकडा. मी तो काढून पुन्हा नीट जागेवर लावला. मला वाटलं, चुकून सुटला. तिने परत ओढला, परत काकीच्या पानावर. मी परत लावायला गेले तर तिने माझ्या हातावर चापट मारली. जोरात.

"म्हणजे काकीने जागा सांभाळायची? मोजणीपुरती?"

तिने अल्बम माझ्या बोटावरच मिटला.

आई दारात उभी होती. "देऊन टाकतायत गं त्या. तुला कळत नाहीये, का कळून घ्यायचं नाहीये?"

मला राग आला. त्याची लाज वाटते, पण आला. गठ्ठा समोर होता आणि प्रत्येक पत्रकावर आत्या म्हणत होती, मी सोडणार नाही. मी तिला म्हटलं, "आत्या, तू असं केलंस तर बाकीच्या आजारी बायकांचं काय? त्यांच्यासाठी कोण भांडणार?"

तिने शांतपणे पानं उलटली. तिच्या बंद घराच्या फोटोवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली. मी काही विचारलं की बोट दाबायची.

ती ते बोट उचलेपर्यंत मला बसून राहावं लागलं. आत्याला बाजार नको होता. तिला तिचं घर हवं होतं, ओटीवर बसायला, आणि जागा तिला द्यायची होती त्या बाईला जी इतकी वर्षं तिच्या पाठीशी गटाराच्या वासात बसली. हे ती सात महिने माझ्याकडे बघत बघत म्हणत असणार. मी रोज तिचा हात हातात घेऊन तिच्या वतीने दुसरंच काही बोलत होते, आणि तेही छापून. मोजणीवाल्यांना बाई दिसत नाही म्हणून मी ओरडत होते. मला तरी कुठे दिसली होती?

मोजणीच्या सकाळी आम्ही आत्याला गाडीने बाजारात नेलं. "आली गो महारानी, सरका," असं म्हणत बायकांनी तिला खुर्चीवर बसवलं. मी काकीला सांगितलं, आत्या तुला जागा देतेय.

"मी नाय बसनार," काकी म्हणाली. "तिची पाटी हाय. उद्या बरी झाली म्हंजे?"

दुसऱ्या एकीने आवाज चढवला, "आनि अशी कशी देल? जागा घरातच रायली पायजे. भावाची पोर हाय ना ही."

"ही?" कुणीतरी म्हणालं. "ही बोंबलाबरोबर पत्रक वाटंल."

सगळ्या हसल्या. मग कुजबुज सुरू झाली, की आत्याला बोलता येत नाही, तर हे पोरीच्याच डोक्यातलं असणार, हिला काहीतरी नवीन काढायचं असतं. मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे या विषयावर दहा मिनिटांचं भाषण तयार होतं. आत्याने माझा कुर्ता खाली ओढला, मांडीवरचा अल्बम उघडला आणि ते पान वर धरलं.

अल्बम हातोहात फिरला. ओल्या, खवले लागलेल्या हातांतून. शेवटी त्या म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला. काकीच्या फोटोवर अर्धवट चढलेला जागेचा फोटो, फाटलेले कोपरे, सगळं तिने अंगठ्याने चाचपलं.

"ह्यो तिचाच हात हाय," ती म्हणाली. "पोरीनं लावला असता त सरळ लागला असता."

आत्या खुर्चीवरून उठायला लागली. मी एका बाजूने धरलं, आईने दुसऱ्या. वाकायला तिला वेळ लागला. डाव्या हाताने तिने पाटी सरळ केली आणि काकीकडे ढकलली. काकी आली, पण अगदी कडेला, दगडाच्या टोकावर टेकली. "मदी बस गो," म्हातारी खेकसली, "पाहुनी हायस का?" आणि आपल्या मालातल्या दोन सुरमया तिने काकीच्या पुढ्यात टाकल्या.

मोजणीचा माणूस दहाच्या सुमाराला आला. त्याने काकीला नाव विचारलं. तिने ते इतकं हळू सांगितलं की त्याला दोनदा विचारावं लागलं. लिहून झाल्यावर त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणारी पत्रकं बघितली. अशी माणसं मला ओळखतात.

"तुमची काही हरकत?"

हरकत होती. पालथ्या पाटीला रकाना नाही याबद्दल होती, अजूनही आहे, आणि पुढच्या महिन्यात मी त्याच माणसाच्या साहेबांसमोर ती मांडली, आत्याचा फोटो न लावता. पण त्या सकाळी, त्या जागेबद्दल, त्याने मला विचारलं तेव्हा मी आत्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पहिलं गिऱ्हाईक आलं होतं, काकीने सुरमईचा भाव फारच कमी सांगितला होता, आणि आत्या खुर्चीतून जीव तोडून मान हलवत होती.

"माझी काही नाही," मी म्हटलं.