चाळीस मावळ्यांच्या गाठी

मी ओतूरला शिवणकाम करते आणि माझ्या फौजेत चाळीस मावळे आहेत. हसू नका. अंगठ्याएवढे आहेत, पार्सलने मागवलेले. माझा धाकटा भाऊ अवसरी खुर्दच्या कॉलेजात शिकवतो, त्याने मला या खेळाचं वेड लावलं. प्लायच्या फळीवर डोंगर-नदी मांडायची, दोन्हीकडे सैन्य उभं करायचं, फासे टाकायचे आणि टेपने अंतर मोजून चाल करायची. टेप माझ्या गळ्यात असतोच, त्यामुळे मी चटकन शिकले.

भावाचा एकच जाच. ज्या कपड्याला, झेंड्याला पुरावा नाही ते पटावर चढणार नाही. जुनं चित्र दाखव, ग्रंथातलं पान दाखव, नाहीतर शिपाई डब्यात. माझा भगवा झेंडा त्याने तीनदा परत पाठवला. एकदा रंग फार नवा म्हणून, एकदा टोकं दोन हवीत म्हणून, आणि एकदा नुसताच संशय म्हणून. मग मीही हट्टाला पेटले.

चार महिने, दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मावळे रंगवायची. पहिल्याच मावळ्यापाशी माझं डोकं फिरलं. अंगरख्याची गाठ डाव्या काखेखाली! म्हणजे उजवी बाजू वर. अहो, ही तर लेडीज पद्धत! जेंट्स शर्टाची डावी बाजू वर येते, हे शिवणक्लासला पहिल्या आठवड्यात शिकवतात. कारखान्यातल्या कुणा अर्धवटाने माझ्या मावळ्यांना ब्लाउज घातले होते. मी ब्लेडने चाळीसच्या चाळीस गाठी खरवडल्या आणि सुईच्या टोकावर पुट्टी घेऊन उजवीकडे नव्या बसवल्या. स्वतःवर इतकी खूश होते की आरशात बघून हसायची.

खेळ रविवारी होता. गुरुवारी दोरे आणायला जुन्नरला गेले, तेव्हा एक मावळा सुयांच्या डबीत घालून नेला. मी ज्यांच्याकडे कटिंग शिकले ते म्हातारे मुसलमान टेलरमास्तर अजून तिथे दुकानात बसतात. म्हटलं, जरा कौतुक होईल. मास्तरांनी भिंग लावलं आणि असे हसत सुटले की चहा बशीत सांडला.

“आगं, तवा हिंदू मानूस गाठ डावीकडं बांधायचा न् आमची मान्सं उजवीकडं. आमच्या आज्यानं सांगितलेलं. समदी अशीच केलीस?”

“चाळीस,” मी म्हणाले.

“मंग ही तर समदी आमच्या आळीतलीच दिसत्यात!”

मला रडू की हसू कळेना. तीन दिवसांत चाळीस गाठी परत फिरवणं शक्य नव्हतं आणि भाऊ तर भिंग खिशात घेऊनच येतो. चार महिन्यांची मेहनत डब्यात जाणार होती. माझा चेहरा बघून मास्तर थांबले.

“आगं, महाराजांच्या फौजेत आमची मान्सं न्हवती का? लई व्हती. तोफखान्यात बघ जा.”

दोरे तिथेच विसरून मी वाचनालयात पळाले. शुक्रवारी दुकान बंद ठेवून परत गेले. दुपारी एका जाडजूड ग्रंथात तोफखान्यातल्या माणसांची यादी सापडली आणि तीत एकाखाली एक मुसलमान नावं. मी एवढ्याने ओरडले की ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून बघितलं. पानाची झेरॉक्स काढली, तिची घडी ब्लाउजमध्ये खोचली आणि एसटीत ओतूरपर्यंत एकटीच खिदळत आले.

रविवारी भावाने पहिला मावळा उचलला, भिंग लावलं आणि थंडपणे म्हणाला, “ताई, गाठ उजवीकडं हाय. हे मावळे नाय.”

“कोण म्हणतं मावळे आहेत? हे तोफखान्यातले गोलंदाज आहेत.” मी झेरॉक्स त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्याने ती दोनदा वाचली. मग माझ्याकडून नंबर घेऊन मास्तरांना फोन लावला आणि मुसलमान गाठ उजवीकडे बांधायचे का, ते विचारलं. माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी त्याने मान डोलावली. मी टाळ्या पिटल्या.

“पण चाळीस गोलंदाज,” तो म्हणाला, “आन् तोफ कुठंय?”

तोफ! माझ्याकडे एकही तोफ नव्हती. मला ते सुचलंच नव्हतं. मी खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग स्वतःच्या फौजेतल्या तीनपैकी सगळ्यात मोठी तोफ उचलून त्याने माझ्या माणसांपुढे ठेवली.

“उसनी दिलीय, राव. पयला गोळा तरी माझ्यावर टाकू नको.”

मी फासे हातात घेतले आणि पहिला गोळा त्याच्या सेनापतीवर टाकला.