त्या दोन थापा पडल्याच नव्हत्या

आमच्या वेळच्या लॉरीला हँडब्रेक असे, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नसे. भरवसा बाभळीच्या ठोकळ्यावर. गाडी उतारावर थांबली की क्लीनर उडी मारून तो ठोकळा चाकापुढे सारायचा. निघताना ड्रायव्हरने गाडी वीतभर मागे घ्यायची, क्लीनरने वाकून ठोकळा काढायचा, बाजूला व्हायचं आणि लॉरीच्या फळीवर तळहाताने दोन थापा मारायच्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोन थापा कानावर पडल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडणारा ड्रायव्हर मी पाहिला नव्हता.

माझा नातू आता आडगाव नाक्यावरून कंटेनर घेऊन निघतो. केबिनमध्ये थंडगार हवा, मागचं दाखवायला कॅमेरा. त्याचे मित्र घरी आले की मला म्हणतात, "आजोबा, जुन्या गाड्यांचं सांगा ना." मग मी सांगतो. स्टिअरिंग इतकं जड, की वळणावर सीटवरून अर्धं उठावं लागे. थंडीत इंजिन पुढून हँडल मारून चालू करायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच. दाराला पाण्याची ओली छागल लटकलेली, इंजिनाचं बॉनेट केबिनच्या आतच, त्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी गरम राहायच्या. उजवीकडे वळताना माझा हात बाहेर, डावीकडे वळताना क्लीनरचा. पोरं हसतात. आणि या सगळ्यात मी वर्षानुवर्षं एक गोष्ट सांगत आलो: माझ्या क्लीनरने दोन थापा दिल्या आणि मग काय डोक्यात आलं कोण जाणे, पुन्हा चाकाखाली हात घातला.

ही गोष्ट खोटी आहे.

तो क्लीनर हरसूलकडचा. वयाने माझ्यापेक्षा मोठा. क्लीनर म्हणून चार वर्षं काढली की जो तो स्टिअरिंग मागतो. याने कधी मागितलं नाही. "मला खालूनच गाडी बरी दिसती," म्हणायचा. मी त्याला दादा म्हणायचो आणि तो मला वस्ताद. त्यात थोडी थट्टा असायची, कारण दोर कसा आवळायचा, ताडपत्रीला घडी कुठे घालायची, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

त्या दुपारी सातपूरहून लोखंडी माल भरून आम्ही धुळ्याकडे निघालो होतो. आमच्याच मालकाची दुसरी लॉरी बरोबर होती. मालेगावच्या ढाब्यावर आधी कोण पोचतो यावर तिच्या ड्रायव्हरशी माझी नेहमीची चुरस. चांदवड सोडून घाट उतरायला लागलो तर मालावरचा दोर सैल झालेला दिसला. गाडी कडेला घेतली. दादाने ठोकळा लावला, वर चढून दोर आवळला, खाली उतरला. मी गाडी वीतभर मागे घेतली. तो वाकला. एवढ्यात दुसरी लॉरी भोंगा वाजवत शेजारून गेली आणि तिच्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय रे, बाळंतपण आहे का गाडीचं? डाळ संपवून ठेवतो, ये सावकाश!"

मी त्याला एक शिवी हासडली आणि पाय उचलला.

थाप पडली नव्हती. एकही नाही. किंकाळी तेवढी ऐकू आली.

पुढची लॉरी थांबली. तिचा ड्रायव्हर धावत मागे आला. दादाचा उजवा हात मी त्याच्याच मुंडाशात गुंडाळत होतो. आमच्या धंद्यातला कुणीही जो प्रश्न पहिला विचारेल तोच त्याने विचारला, "थाप दिली होती का याने?"

मी म्हणालो, "दिली की. दोन्ही दिल्या."

दादा शुद्धीवर होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्याची चार बोटं काढली. अंगठा राहिला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याने हळूच विचारलं, "वस्ताद, मी थाप दिली व्हती?"

खरं सांगायची ती वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"दिली होतीस की, दादा. नाहीतर मी गाडी कशाला सोडीन?"

तो छताकडे बघत म्हणाला, "मंग माझंच चुकलं."

तो गावी गेला. त्या हाताने ना दोर धरता येणार, ना विळा. मी लॉरी चालवत राहिलो. ढाब्याढाब्यावर ती गोष्ट सांगत राहिलो. पुढे पुढे तर नव्या क्लीनरांना शहाणपण म्हणून सांगायला लागलो.

या उन्हाळ्यात नातू फोनवर त्याच्या क्लीनरला झापत होता. "आमच्या आजोबांचा एक क्लीनर असाच होता, येडपट. तुलाही बोटं घालवायचीत का?" मी जेवत होतो. ताट तसंच सारलं आणि दुसऱ्या दिवशी हरसूलची एसटी धरली.

दादा अंगणात बाजेवर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

"वस्ताद! आजून गाडी चालवतो का काय?"

"एसटीने आलो, दादा. कंडक्टरने हात धरून उतरवलं."

तो हसला. सुनेला चहा टाकायला सांगितला. चहा यायच्या आत मी बोलून टाकलं.

"म्हंजे थाप मी दिलीच नव्हती?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. मीच पाय उचलला."

तो थोट्या हाताकडे बघत बसला. "मी लय आठवायचो. फळी आठवायची. तिच्यावरला निळा रंग आठवायचा. थाप मारल्याचं कंदी आठवलं नाय. म्हटलं, धक्क्यानं इसरलो आसंल." मग म्हणाला, "आमची म्हातारी दिवाळीच्या आधी गेली. भांडण झालं की तिचं ठरलेलं, थाप मारल्यावर हात घालनारा येडाच माझ्या नशिबी आला. मी म्हनायचो, हां बाई, खरं हाय तुझं."

मी वाकलो. त्याने पाय वर ओढून घेतले.

"पाया पडू नको. पाया पडून तू मोकळा व्हशील. तिला आता कोन सांगनार?"

मग त्याने मुलाला शेतातून बोलावलं, सुनेला बाहेर बोलावलं. "सांग आता यांना. पैल्यापासून सांग." मी सांगितलं. मुलगा उभ्यानेच ऐकत होता. शेवटी त्याने बापाच्या पुढ्यातली शेंगांची पाटी उचलली आणि आत गेला. चहा आला नाही. मीही वाट बघितली नाही.

घरी येऊन नातवाला सांगितलं. तो म्हणाला, "पण आजोबा, तुम्ही तर नेहमी..." त्याने त्याच्या क्लीनरला सांगितलं की नाही, मला विचारवत नाही. ज्यांना मी सांगू शकतो त्यांना एकेक करून सांगतोय. जे लांब आहेत त्यांच्यासाठी हे लिहिलं. पण ढाब्यांवर ज्यांनी माझी ती गोष्ट ऐकली त्यातले बरेच आता हयात नाहीत. त्यांच्यापाशी तो माणूस येडाच राहिला.