घोंगडीतलं कुसळ

त्या सकाळी माझी नोकरी वाचवली ती अक्कानं. सोलापुरात, भवानी पेठेतल्या विणकर घरात वाढलेली, घरी तेलुगु बोलणारी, आता जहाजावरच्या लाँड्रीची मुख्य. आठवीत शाळा सोडून सांगोल्याकडं मेंढरं राखणाऱ्या मला पेंग्विनच्या मुलखात तिनंच आणलं.

माझं काम बुटांचं. पर्यटक किनाऱ्यावर उतरण्याआधी त्यांचे बूट धुवायचे, मोजे आणि खिसे तपासून अडकलेलं गवताचं बी चिमट्यानं काढायचं. अंटार्क्टिकाची थंडी कमी होतीय. बाहेरचं बी पडलं तर रुजेल म्हणतात. मी प्रत्येकाकडं संशयानंच बघायचो. पेंग्विनसाठी हळहळायचं आणि धूर सोडत त्यांच्याच दारात यायचं! त्यावरच माझं पोट चालतं, हेही खरं.

आदल्या दिवशी मी किनाऱ्यावर बूट धुवायचा टब घेऊन उभा होतो. बर्फ पडायच्या जागी पाऊस पडत होता. पेंग्विनच्या पिल्लांच्या अंगावर नुसती लव, ती पाणी अडवत नाही. भिजलेलं कोकरू कसं गळपटतं, मला ठाऊक आहे. दोन पिल्लं उठलीच नाहीत. पर्यटक फोटो काढत होते.

आणि सकाळी लाँड्रीत धुवायला आलेल्या सगळ्यांच्या मोज्यांत एक कुसळ सापडलं. तपासणीवरच्या आमच्या साहेबानं थेट माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं आईनं दिलेली घोंगडी आहे, हे याला सांगितलं कुणी? खोलीतल्या जोडीदारावरच माझा संशय गेला.

"तुझ्या घोंगडीतून आलं असेल, तर पुढच्या बंदराला उतरायचं," साहेब म्हणाला.

अक्कानं कुसळ उजेडात धरलं. त्याला बारीक तंतू चिकटला होता. तिनं साहेबाला दाखवलं: तंतू मऊ, गुलाबी, घोंगडी काळी, राठ. हे पाहुण्याच्या मोज्यातलं.

साहेब गेला. मी फुशारलो. "मला वाटलंच हुतं की, अक्का! त्या लोकांचंच हाय."

"लई हसू नगंस. आदी आपलं मुसळ बघून ये."

खोलीत जाऊन घोंगडीवरनं बोटं फिरवली. चार कुसळं निघाली. याच घोंगडीवर बसून मी रोज मोजे चढवायचो, आणि तेच मोजे घालून किनाऱ्यावर गेलो होतो.

तळहातावर ती घेऊन मी अक्कापुढं उभा राहिलो. "आता साहेबाला तूच सांग," ती म्हणाली. "मी येते की बरोबर."

ती आली. साहेब बोलला, लई बोलला. पण घोंगडी पिशवीत सील झाली आणि मी राहिलो.

अक्का, गावी गेलो की तुला एक घोंगडी विणून आणीन. एकेक कुसळ माझ्या हातानं वेचून.